ईआरपीच्या नोंदींतून शाश्वततेचा हिशेब : टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बहुतेक संस्थांमध्ये शाश्वततेचा अहवाल वर्षअखेरीस घाईघाईने उभा राहतो. पर्यावरण विभागातील एक-दोन जण प्रत्येक कारखान्याला आणि कार्यालयाला ईमेल पाठवतात, वीज, इंधन, पाणी आणि कचरा यांची आकडेवारी मागवतात, आलेल्या एक्सेल फाइली जोडत बसतात आणि कुठे तीन महिन्यांचे रकाने रिकामे आहेत, कुठे लिटरच्या जागी रक्कम भरली आहे, हे निस्तरण्यात आठवडे घालवतात. त्याच संस्थेच्या ईआरपी प्रणालीत (खरेदी, भांडार, उत्पादन, लेखा असे सर्व विभाग एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मात्र डिझेलचे प्रत्येक बिल, कच्च्या मालाची प्रत्येक आवक, भंगाराची प्रत्येक विक्री आणि मालाची प्रत्येक रवानगी तारखेनिशी नोंदलेली असते. म्हणजे माहितीचा तुटवडा नसतो. पैशाचा हिशेब ज्या काटेकोरपणे ठेवला जातो, त्या काटेकोरपणे परिमाणाचा हिशेब ठेवण्याची सवय नसते.

ईआरपी बसवल्याने उत्सर्जन आपोआप कमी होत नाही. विक्रेत्यांच्या सादरीकरणात तसे सुचवले जाते, पण ‘कागदाची बचत’ हा जो पहिला फायदा तिथे सांगितला जातो, तो उत्पादन करणाऱ्या संस्थेच्या एकूण पर्यावरणीय भारात जवळजवळ नगण्य असतो. ईआरपीचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे : व्यवहार जिथे नोंदला जातो तिथेच त्याचे परिमाण पकडणे आणि निर्णय घेणाऱ्याच्या पडद्यावर, निर्णयाच्या क्षणी, ते परिमाण दाखवणे. पुढील सर्व पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच फिरतात. त्या कोणत्याही एका कंपनीच्या प्रणालीसाठी लिहिलेल्या नाहीत. खरेदी, भांडार, उत्पादन, देखभाल आणि लेखा हे विभाग ज्या प्रणालीत एकत्र चालतात, तिथे त्या लागू पडतील.

## पहिली पायरी : हद्द ठरवा आणि ती प्रणालीतील रचनेशी जुळवा

हरितगृह वायूंच्या हिशेबासाठी जगभर वापरला जाणारा पाया म्हणजे ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल. त्याचे कंपन्यांसाठीचे मानक २००१ मध्ये प्रथम आले आणि २००४ मध्ये सुधारले गेले. त्यात उत्सर्जनाचे तीन भाग केले आहेत. संस्थेच्या स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर, जनरेटर, वाहने आणि वायुगळती यांतून होणारे ते स्कोप १. विकत घेतलेली वीज, वाफ किंवा थंडावा यांमागचे ते स्कोप २. आणि पुरवठादारांपासून ग्राहकाने वस्तू टाकून देईपर्यंतच्या साखळीतील उरलेले सर्व ते स्कोप ३, ज्याचे २०११ च्या मानकात १५ प्रवर्ग केलेले आहेत.

हिशेबात कोणते कारखाने, कोणत्या उपकंपन्या आणि कोणत्या भाड्याच्या जागा धरायच्या, हे भागीदारीच्या प्रमाणावरून, आर्थिक नियंत्रणावरून किंवा प्रत्यक्ष कामकाजाच्या नियंत्रणावरून ठरवता येते. जो आधार निवडाल तो लेखी नोंदवा आणि लगेच ईआरपीतील कंपनी कोड, प्लांट आणि कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागाच्या किंवा जागेच्या नावे नोंदला जातो ते खाते) यांची यादी समोर ठेवून प्रत्येक ओळीपुढे ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असे लिहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण नंतरची निम्मी भांडणे येथेच मिटतात. भाड्याने दिलेल्या गोदामाचे वीजबिल आपल्या कॉस्ट सेंटरवर येते आणि भाडेकरूकडून वसूल होते, अशा जागा हमखास सापडतात. पैशाच्या दृष्टीने तो खर्च शून्य होतो. विजेच्या युनिटांचे काय करायचे, हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते.

## दुसरी पायरी : जे आधीच आहे त्याची मोजदाद करा

नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी आहे त्या प्रणालीत काय दडले आहे ते पाहावे. खरेदीच्या मॉड्यूलमध्ये इंधन, कच्चा माल, वेष्टन आणि वाहतूक सेवा असतात. भांडाराच्या नोंदींत माल मिळाल्याची पावती, वापर, शिल्लक आणि निर्लेखन (निरुपयोगी माल हिशेबातून काढून टाकणे) असते. उत्पादनात बिल ऑफ मटेरियल (एका उत्पादनाला कोणता माल किती लागतो त्याची यादी), यंत्रतास आणि नासधूस असते. देखभालीच्या कार्यादेशांत शीतकरण वायूचे पुनर्भरण, तेलबदल आणि दुरुस्त्या असतात. विक्री आणि रवानगीत वजन, अंतर, परत आलेला माल असतो. कर्मचारी विभागाकडे प्रवासखर्चाचे दावे, प्रशिक्षणाचे तास आणि अपघातांची नोंद असते, आणि शाश्वततेच्या सामाजिक बाजूचा बराच भाग तिथूनच मिळतो.

ही मोजदाद करताना एक नियम लक्षात ठेवावा : ज्याचे बिल येत नाही, ते ईआरपीला दिसत नाही. स्वतःच्या बोअरवेलचे पाणी, छतावरच्या सौर पॅनेलची स्वतः वापरलेली वीज, फुकट उचलून नेला जाणारा कचरा, वातावरणात निसटलेला वायू, यांपैकी कशाचेच चलन फाटत नाही. त्यामुळे मोजदादीच्या शेवटी दोन याद्या तयार झाल्या पाहिजेत. एक, प्रणालीत आहे पण अर्धवट आहे त्याची. आणि दुसरी, प्रणालीत मुळीच नाही त्याची. पहिल्या यादीचे औषध मास्टर डेटामध्ये (वस्तू, पुरवठादार, एकके यांच्या कायमस्वरूपी मूळ नोंदींमध्ये) आहे, दुसरीचे मीटरमध्ये.

## तिसरी पायरी : मास्टर डेटा दुरुस्त करा

सगळ्यांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण येथील चूक पुढे प्रत्येक अहवालात उमटते.

डिझेलच्या एका बिलाकडे जवळून पाहू. पंपाकडून महिन्याचे एकत्रित बिल येते. खरेदी विभागाने वर्षाच्या सुरुवातीला एक खुला खरेदी आदेश काढून ठेवलेला असतो, त्यात वर्णन ‘डिझेल’, परिमाण १, एकक ‘नग’ आणि रक्कम ढोबळ. लेखा विभाग बिल त्याच ओळीवर पोस्ट करतो. रक्कम पैशापर्यंत बरोबर, कर बरोबर, पुरवठादाराचे खाते बरोबर. पण किती लिटर इंधन आले, हे फक्त स्कॅन करून जोडलेल्या कागदावर वाचता येते. लेखापरीक्षकाला यात काही वावगे दिसत नाही आणि उत्सर्जनाच्या हिशेबाला यातून काहीच मिळत नाही. उपाय साधा आहे. इंधनाला मटेरियल कोड द्या, त्याचे मूळ एकक लिटर ठरवा, आणि त्या मटेरियल गटातील खरेदी ‘नग’ किंवा ‘रक्कम’ या एककावर नोंदवता येणार नाही अशी पडताळणी प्रणालीत बसवा. सुरुवातीचे काही आठवडे तक्रारी येतील. पडताळणी काढू नये.

एककांचे रूपांतर हा दुसरा जुना रोग. अमेरिकन गॅलन सुमारे ३.७८५ लिटरचे असते आणि ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५४६ लिटरचे, प्रणालीत नुसते ‘गॅलन’ असेल, तर हिशेबात २० टक्क्यांची तफावत विनासायास शिरते. मेट्रिक टन १,००० किलोचा, तर अमेरिकन शॉर्ट टन सुमारे ९०७ किलोचा. वायूंच्या बाबतीत घनमीटर कोणत्या तापमानाला आणि दाबाला मोजले, यावर वस्तुमान अवलंबून असते, त्यामुळे रूपांतराचा गुणक मटेरियल मास्टरमध्येच नोंदवावा. तो एखाद्याच्या एक्सेलमधल्या सूत्रात राहू देऊ नये.

याशिवाय मटेरियल मास्टरमध्ये काही रकाने वाढवावेत : निव्वळ वजन, पुनर्चक्रित घटकाचे प्रमाण, वेष्टनाचा प्रकार आणि वजन, धोकादायक पदार्थाचा वर्ग, आयुष्य संपल्यावर विल्हेवाटीचा मार्ग. पुरवठादाराच्या मास्टरमध्ये उत्पादनाचे ठिकाण असावे. बिल पाठवणाऱ्या कार्यालयाचा पत्ता आणि माल जिथे तयार होतो ती जागा वेगळी असते, आणि वाहतुकीचे अंतर व वीजजाळ्याचे गुणांक (दर युनिटमागे किती उत्सर्जन होते ते आकडे) दुसऱ्यावर ठरतात. हे सर्व रकाने सर्व वस्तूंसाठी भरण्याचा अट्टहास करू नये. वर्षभरातील खरेदी वजनाप्रमाणे आणि रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. दोन्ही याद्यांचा वरचा भाग प्रथम पूर्ण करा. सुया आणि स्टेपलर यांचे कार्बन मोजत बसण्यात कोणाचेच भले नाही.

## चौथी पायरी : मीटर प्रणालीत आणा

देखभालीच्या मॉड्यूलमध्ये यंत्रांसाठी मापनबिंदू तयार करण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. मुख्य वीजमीटर, उपमीटर, बोअरवेलचा प्रवाहमापक, सौर पॅनेलचा इन्व्हर्टर आणि जनरेटर यांना मापनबिंदू द्यावेत. रीडिंग आपोआप यावे हे उत्तम. पण ठरलेल्या दिवशी हाताने भरलेले, मागच्या रीडिंगपेक्षा कमी असल्यास अडवणारे आणि भरणाऱ्याचे नाव ठेवणारे रीडिंगही पुरेसे आहे. प्रत्येक मोटारीवर सेन्सर लावण्याच्या प्रकल्पाने सुरुवात करणाऱ्या संस्था सेन्सर बसवून होईपर्यंतच दमतात. जिथे सर्वाधिक ऊर्जा जाते, त्या भट्ट्या, कॉम्प्रेसर, चिलर आणि पंप यांचे उपमीटर सुरुवातीला पुरतात.

वीजबिलाचा कालावधी महिन्याच्या मध्यापासून पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत असतो, हिशेबाचा महिना मात्र पहिल्या तारखेला सुरू होतो. लेखा विभागाला ही अडचण नवी नाही : बिल आले नाही तरी तो अंदाजे खर्चाची तरतूद करतो आणि बिल आल्यावर ती उलटवतो. युनिटांसाठीही नेमके तेच करावे. तरतुदीच्या नोंदीत रकमेबरोबर अंदाजे युनिटही टाकावेत, त्यावर ‘अंदाज’ अशी खूण ठेवावी आणि प्रत्यक्ष बिल आल्यावर दोन्ही एकत्र उलटवावेत. इंधनाच्या बाबतीत खरेदी म्हणजे वापर नव्हे, हेही विसरू नये. सुरुवातीची शिल्लक अधिक आवक वजा अखेरची शिल्लक हा भांडाराचा जुनाच नियम येथेही लागू होतो.

## पाचवी पायरी : उत्सर्जन गुणांकांचा तक्ता

परिमाणाला गुणांकाने गुणले की उत्सर्जन मिळते. एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून १२,००० लिटरचे सुमारे ३२ टन होतात. गणित इतकेच आहे. अवघड आहे ते गुणांक सांभाळणे.

गुणांकांसाठी स्वतंत्र तक्ता करावा आणि प्रत्येक ओळीत मूल्य, एकक, भौगोलिक क्षेत्र, कोणत्या प्रकाशनातून घेतले ते, आणि ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत लागू’ अशी मुदत असावी. जुना गुणांक कधीही खोडून त्यावर नवा लिहू नये. जुन्या ओळीची मुदत संपवून नवी ओळ घालावी. याचे महत्त्व एका उदाहरणातून कळेल. वातानुकूलन यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या आर-४१०ए या वायूची तापमानवाढीची क्षमता (तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-तज्ज्ञ मंडळाच्या चौथ्या मूल्यांकन अहवालातील मूल्यांनुसार २,०८८ आहे, तर पाचव्या अहवालातील मूल्यांनुसार सुमारे १,९२४. म्हणजे ५ किलो वायू निसटला तर एका हिशेबाने १०.४४ टन आणि दुसऱ्या हिशेबाने ९.६२ टन उत्सर्जन होते. तक्त्यात मुदती नसतील, तर गळती तेवढीच राहूनही अहवालात ‘सुधारणा’ दिसेल, आणि पुढच्या वर्षी कोणी विचारले तर उत्तर देणारा कोणी नसेल.

जाता जाता, त्या ५ किलोंकडे पुन्हा पाहावे. १०.४४ टन म्हणजे सुमारे ३,९०० लिटर डिझेल जाळल्यासारखे आहे. देखभालीच्या कार्यादेशात ‘गॅस भरला’ एवढीच ओळ लिहिली जाते. कोणता वायू आणि किती किलो, हे दोन रकाने तिथे सक्तीचे केले, तर स्कोप १ मधला एक मोठा आंधळा कोपरा उजेडात येतो. शिवाय एकाच यंत्रात वर्षातून तीनदा वायू भरावा लागत असेल, तर तो दुरुस्तीचा नव्हे, यंत्र बदलण्याचा विषय आहे हेही त्याच अहवालात दिसते.

विजेसाठी दोन गुणांक ठेवावे लागतात. २०१५ च्या स्कोप २ मार्गदर्शिकेनुसार त्या भागातील वीजजाळ्याच्या सरासरीवर आधारलेला एक आकडा आणि संस्थेने केलेल्या करारांवर व प्रमाणपत्रांवर आधारलेला दुसरा, असे दोन्ही द्यायचे असतात. हरित विजेचे प्रमाणपत्र विकत घेतले, तर तेही मालमत्तेसारखे नोंदवावे, आणि किती युनिटांपोटी वापरले ते वजा करत जावे. म्हणजे एकच प्रमाणपत्र दोन कारखान्यांच्या हिशेबात लागणार नाही.

## सहावी पायरी : स्कोप ३ आणि पुरवठादार

विकत घेतलेल्या मालामागचे उत्सर्जन मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खर्चाला प्रतिरक्कम गुणांकाने (दर रुपयाच्या खरेदीमागच्या सरासरी उत्सर्जनाने) गुणणे. सर्व खर्च ईआरपीत असल्याने हा आकडा लवकर हाती येतो आणि कोणत्या गटावर लक्ष द्यावे हे समजण्यापुरता तो उपयोगीही आहे. पण त्यावर उद्दिष्टे ठरवू नयेत. खरेदी अधिकाऱ्याने घासाघीस करून भाव १० टक्क्यांनी उतरवला की कागदावर उत्सर्जनही १० टक्क्यांनी उतरते, आणि बाजारभाव चढला की तेवढाच माल घेऊनही ते वाढते. उलट, कमी उत्सर्जनाचा पण थोडा महाग माल घेणारा विभाग या पद्धतीत गुन्हेगार ठरतो.

म्हणून मोठ्या गटांसाठी वजनावर आधारित सरासरी गुणांकांकडे जावे, आणि त्यांतील मोजक्या पुरवठादारांकडून त्यांच्या विशिष्ट उत्पादनाचा आकडा मिळवावा. तो आकडा ईमेलमधून उतरवून न घेता पुरवठादार पोर्टलवर, पद्धत, कालावधी आणि पडताळणीचे प्रमाणपत्र यांसह मागवावा. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांसारखा माल युरोपीय संघाला निर्यात करणाऱ्यांसाठी हा भाग ऐच्छिक उरलेला नाही. तेथील कार्बन सीमा समायोजन यंत्रणेचा (आयात मालामागच्या उत्सर्जनावर किंमत लावणाऱ्या नियमाचा) संक्रमणकाळ १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला, प्रत्यक्ष टप्पा १ जानेवारी २०२६ पासून आहे, आणि आयातदार आपल्या पुरवठादाराकडे प्रतिटन अंतर्भूत उत्सर्जनाचा आकडा मागतो.

मिळालेला आकडा अहवालात ठेवून देण्यापेक्षा खरेदीच्या तुलनात्मक तक्त्यात आणावा. दर, कर, वाहतूक, वितरणाचा कालावधी या रकान्यांशेजारी ‘प्रतिटन उत्सर्जन’ हा रकाना असावा आणि संस्थेने ठरवलेल्या अंतर्गत कार्बन किमतीने गुणून येणारी रक्कम त्यापुढे दिसावी. ही रक्कम कोणाला द्यायची नसते; ती फक्त तुलनेसाठी असते. अनुभव असा आहे की धोरणपत्रिकेतील दहा परिच्छेदांपेक्षा हा एक रकाना खरेदी अधिकाऱ्याला अधिक विचार करायला लावतो, कारण कमी दराची निविदा निवडताना तो रकाना डोळ्यांसमोर असतो आणि मंजुरी देणाऱ्या वरिष्ठालाही तो दिसतो.

वाहतुकीसाठी खरेदी आदेशातील वितरणाच्या अटींचा रकाना नीट भरलेला असावा. भाडे कोण देते, यावरून ती वाहतूक स्कोप ३ च्या कोणत्या प्रवर्गात जाते हे ठरते. वजन आणि अंतर यांच्या गुणाकारातून टन-किलोमीटर मिळतात. वाहतूक साखळीच्या उत्सर्जनासाठी २०२३ चे आयएसओ १४०८३ हे मानक त्यासाठी उपलब्ध आहे.

## सातवी पायरी : नियोजन आणि उत्पादनात बदल

येथपर्यंतचे सर्व काम मोजण्याचे होते. बचत येथे होते.

नासधुशीपासून सुरुवात करू. एका उत्पादन आदेशात १,००० किलो कच्चा माल घेतला, ९२० किलो चांगला माल निघाला आणि ८० किलो वाया गेला. बिल ऑफ मटेरियलमध्ये ५ टक्के नासधूस गृहीत धरलेली आहे. त्यामुळे ५० किलो प्रमाणित खर्चातच मुरतात आणि तफावतीच्या अहवालात फक्त ३० किलो दिसतात. व्यवस्थापन त्या ३० किलोंवर चर्चा करते. ५० किलोंना मात्र प्रणालीनेच परवानगी दिलेली असते, आणि ती टक्केवारी कोणी, कधी, कशाच्या आधारावर भरली हे कोणालाच आठवत नाही. वर ते भंगार विकून आलेले पैसे ‘इतर उत्पन्ना’त जमा होतात, म्हणजे नासधुशीचा उत्पादनाच्या खर्चाशी उरलासुरला संबंधही तुटतो.

आयएसओ १४०५१ हे २०११ चे मानक याच दुखण्यावर आहे. त्यातील पद्धतीत वाया गेलेल्या मालाला चांगल्या उत्पादनासारखाच स्वतंत्र खर्च लावतात : त्यातील कच्चा माल, त्यावर खर्च झालेली ऊर्जा, मजुरी व यंत्राचा वेळ, आणि विल्हेवाटीचा खर्च. वरच्या उदाहरणात त्या आदेशावर २,००० युनिट वीज लागली असेल, तर वजनाच्या प्रमाणात १६० युनिट केवळ कचरा तयार करण्यासाठी जळले. ईआरपीत हे आणण्यासाठी नासधुशीला मटेरियल कोड द्यावा, प्रत्येक नोंदीला कारणाचा कोड सक्तीचा करावा आणि गृहीत टक्केवारीला मुदत लावावी, म्हणजे ठरावीक काळाने ती पुन्हा सिद्ध करावी लागेल. कारणांच्या यादीत ‘इतर’ हा पर्याय ठेवलाच, तर त्यासोबत लेखी शेरा मागावा. नाहीतर काही महिन्यांत सगळीच कारणे ‘इतर’ होतात.

नियोजनाच्या मापदंडांत शिरलेला अपव्यय नासधुशीपेक्षाही शांत असतो. किमान खरेदीचे प्रमाण, सुरक्षित साठा आणि मागणीचे प्रमाण ठरावीक पटीत वर नेण्याचे नियम एकदा भरले की वर्षानुवर्षे तसेच राहतात, आणि त्यांच्यामुळे मागणीपेक्षा जास्त माल येत राहतो. न हललेल्या मालाचा अहवाल प्रत्येक लेखा विभाग काढतो. त्यात वजन आणि अंतर्भूत उत्सर्जन हे दोन रकाने जोडावेत. निर्लेखित केलेला माल म्हणजे कोणाच्याही उपयोगी न पडता झालेले उत्सर्जन. मुदत असलेल्या मालासाठी ‘आधी आलेला आधी’ याऐवजी ‘आधी मुदत संपणारा आधी’ हा नियम भांडारात लावणे ही बहुतेक प्रणालींत केवळ एक निवड असते, तरी ती केलेली नसते.

क्रमवारीनेही बरेच साधते. रंग, शाई, रसायने किंवा कापडरंगाई यांमध्ये फिकट रंगाकडून गडद रंगाकडे उत्पादन लावले की मधल्या धुलाया कमी होतात आणि पाणी, द्रावक व सांडपाणी तिन्ही वाचतात. एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना लागणारी धुलाई प्रणालीत वेळ म्हणून नोंदलेली असते. तिला पाण्याचे आणि रसायनाचे परिमाण जोडले की नियोजकाला क्रम लावताना त्याची किंमत दिसते. भट्ट्यांच्या बाबतीत तापमानाचा क्रम हीच भूमिका बजावतो. देखभालीत दाबित हवेची गळती आणि वाफेचे निकामी झालेले ट्रॅप (वाफ रोखून फक्त साचलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) यांची फेरतपासणी नियतकालिक कार्यादेश म्हणून लावावी. उत्पादन थांबत नसल्याने या दुरुस्त्या एरवी कोणाच्याच यादीत येत नाहीत.

एक सावधगिरी. प्रतिनग उत्सर्जन कमी होत असताना एकूण उत्सर्जन वाढत असू शकते. दोन्ही आकडे एकाच पडद्यावर दाखवावेत, आणि कारखान्याच्या प्रमुखाला सोयीचा तेवढाच दाखवण्याची मुभा ठेवू नये.

## आठवी पायरी : जबाबदाऱ्या, महिनाबंदी आणि पुरावा

शाश्वततेचे आकडे आता फक्त माहितीपुस्तिकेसाठी राहिलेले नाहीत. हवामानविषयक प्रकटीकरणासाठी आयएफआरएस एस२ हे आंतरराष्ट्रीय मानक जून २०२३ मध्ये आले आणि अनेक ठिकाणी अशा माहितीची बाहेरून तपासणी होऊ लागली आहे. तपासणारा विचारतो ते साधेच असते : अहवालातील हा आकडा कोणत्या नोंदींतून आला आणि त्या नोंदींचा कागद कुठे आहे?

म्हणून महिनाबंदीच्या (महिन्याचे हिशेब पक्के करून बंद करण्याच्या) कामांच्या यादीतच परिमाणांची बंदी घालावी. कारखान्याचा लेखापाल खर्च बंद करतो त्याच दिवशी युनिट, लिटर, घनमीटर आणि किलो यांचाही ताळमेळ लागावा. मीटरचे रीडिंग आणि बिलातील युनिट यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक असेल, तर महिना बंद होऊ नये. बंद झालेल्या महिन्यात बदल करायचा असेल, तर तो नव्या नोंदीनेच व्हावा, जुनी खोडून नव्हे. नोंद करणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा. गुणांकांचा तक्ता बदलण्याचा अधिकार ज्याच्या कामगिरीचे मूल्यमापन त्या आकड्यांवर होते, त्याच्याकडे कधीही नसावा. प्रत्येक आकड्याला ‘मोजलेला’, ‘हिशेबाने काढलेला’ किंवा ‘अंदाजित’ असा दर्जा द्यावा आणि अंदाजितांचा वाटा किती, हे अहवालात उघडपणे लिहावे. तो वाटा दरवर्षी घटताना दिसला, तर तपासणाऱ्याचा विश्वास वाढतो. पहिल्याच वर्षी सर्व काही मोजलेले असल्याचा दावा केला, तर संशय वाढतो.

ही जबाबदारी एकट्या पर्यावरण विभागावर टाकली, तर पुन्हा ईमेल आणि एक्सेलच सुरू होतात. आकड्यांची मालकी व्यवहार नोंदवणाऱ्या विभागाकडे, पद्धतीची मालकी पर्यावरण विभागाकडे आणि बंदीची शिस्त लेखा विभागाकडे, अशी विभागणी चालते असे दिसते. एका कारखान्यात एका तिमाहीसाठी जुनी आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी चालवावी, फरक का आला ते प्रत्येक ओळीसाठी शोधावे, आणि मगच इतर ठिकाणी न्यावे.

## नववी पायरी : प्रणालीचा स्वतःचा भार आणि स्थलांतर

ईआरपीही वीज खाते. रात्री कोणी न पाहणारे अहवाल चालवणे, चाचणीसाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या प्रती, वर्षानुवर्षांचा न वापरलेला डेटा महागड्या स्मृतीत ठेवणे, हे बंद करणे सोपे असते आणि खर्चही वाचतो. क्लाउडवर गेल्याने उत्सर्जन नाहीसे होत नाही, ते स्कोप २ मधून स्कोप ३ मध्ये सरकते. सेवा देणाऱ्याकडून वापराच्या प्रमाणात त्याचा आकडा करारातच मागून घ्यावा.

आणि नवी प्रणाली घेताना आधारवर्षाचा विचार आधी करावा. उत्सर्जन कपातीची उद्दिष्टे कोणत्या तरी एका जुन्या वर्षाशी तुलना करून मांडलेली असतात. एखादा कारखाना विकला, नवा विकत घेतला किंवा हिशेबाची पद्धत बदलली, तर त्या वर्षाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि त्यासाठी एकूण बेरीज पुरत नाही, मूळ नोंदी लागतात. स्थलांतराच्या वेळी साधारणपणे खात्यांच्या अखेरच्या शिलका तेवढ्या नव्या प्रणालीत आणल्या जातात, कारण पैशाच्या हिशेबाला तेवढ्या पुरतात. परिमाणाच्या नोंदी जुन्या सर्व्हरबरोबर जातात. तेव्हा जुनी प्रणाली बंद करण्याच्या आदेशावर सही होण्यापूर्वी आधारवर्षापासूनची वापराची परिमाणे, मीटरची रीडिंग, त्या काळी लागू असलेले गुणांक आणि जोडलेली बिले वाचता येतील अशा स्वरूपात बाहेर काढून ठेवावीत, आणि ती काढल्याची खात्री पर्यावरण विभागाने लेखी द्यावी.